घरचं नेट: त्यांचा आवाज येतो, माझा तुटतो

या महिन्याच्या पत्रांतून चार निवडली आहेत. चारही अपलोडची, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या वेगाची, आणि चौघांचाही संशय घरातल्या फायरवॉलवर, म्हणजे घर आणि इंटरनेट यांच्या मधे बसून काय आत-बाहेर सोडायचं ते ठरवणाऱ्या यंत्रावर. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्या घरी मी स्वतः जाऊन आले.

प्रश्न: ताई, मी रामबागेत राहते. चाळीस वर्षं गाणं शिकवते आहे. आता माझ्या पाच शिष्या अमेरिकेत आहेत. सकाळी साडेसहाला मी तंबोरा लावून बसते, तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो. माझा मात्र त्यांच्यापर्यंत तुटत तुटत पोचतो. भैरवातल्या कोमल रिषभाचं आंदोलन मी घेते आणि त्यांना दोन तुटके ठोके ऐकू येतात. मग त्या तेच ठोके गातात. तंबोरा तर त्यांना ऐकूच येत नाही.

माझ्या भाच्याने दिवाळीत एका जुन्या डेस्कटॉपचा फायरवॉल करून दिला, तेव्हापासून हे सुरू झालं. प्लॅन जायला आणि यायला, दोन्हीकडे १०० एमबीपीएसचा आहे. डाउनलोड ९३-९४ येतो, अपलोड कधी १, कधी ६. फायरवॉल काढून जुना वायफायचा डबा थेट लावला की अपलोडही ९० च्या वर जातो. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की आमच्याकडून सगळं ठीक आहे. भाचा म्हणतो सेटिंग बरोबर आहे, मेमरी वाढवून बघू. काढून टाकू का हा फायरवॉल? पण त्याने तो फार कष्टाने बसवलाय, आणि नातवाच्या टॅबसाठी त्यात काही साइट बंद करून दिल्या आहेत.
एक गायनशिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर: बाई, काढू नका. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं: फायरवॉल काढून जुना डबा थेट लावला की अपलोड ९० च्या वर जातो. मला विचारायचं होतं की डबा लावताना केबल कुठली लावली? पत्रोत्तरात महिना गेला असता, म्हणून फोन करून शनिवारी दुपारी तुमच्याकडे आले. तिथे जे जे केलं ते त्याच क्रमाने लिहिते. तुम्ही ते पाहिलंच आहे, पण अशी तक्रार घेऊन बसलेली बरीच घरं आहेत, त्यांना उपयोग होईल.

आधी लॅपटॉप वायफायवरून काढून केबलने फायरवॉलला जोडला. वायफायवर मोजलेल्या आकड्यावर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. मधली भिंत, शेजारच्यांचा राउटर, फ्रिजमागे ठेवलेला डबा, सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. मग पाच-पाच मिनिटांनी तीनदा वेग मोजला आणि वहीत लिहिला. डाउनलोड ९३.६, ९३.९, ९३.८. अपलोड ०.९, ५.८, २.१.

या आकड्यांकडे नीट बघा. अपलोड कमी आहे हे तर दिसतंच, पण तो नाचतो आहे. कुणी मर्यादा घालून ठेवली असेल तर आकडा दर वेळी जवळजवळ तोच येतो, सरळ रेघेसारखा. नाचणारा आकडा वेगळं सांगतो: वाटेत काहीतरी हरवतं आहे. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं हेच पाहिलं, आणि आजही कुणाच्या घरी गेले की पहिला प्रश्न हाच असतो की आकडा ठरलेला आहे की नाचतोय.

आपण नेटवरून पाठवतो ते सगळं छोट्या तुकड्यांत जातं, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेट हरवलं की वेग का पडतो, हेही सांगते. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कलीला एक प्रकार घडला. तिथली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर. त्या अंतरात नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. वाट तुंबली होती, पॅकेटं गळत होती, आणि पाठवणारे तीच पॅकेटं पुन्हा पुन्हा ढकलून वाट आणखी तुंबवत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय काढला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि आजही आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्रात कुठल्या ना कुठल्या रूपात चालू आहे. पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने समजायचं की पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग निम्म्यावर आणायचा. गर्दी नसेल, नुसती तार खराब असेल, तरी तो बिचारा गर्दीच समजतो आणि मागे सरतो. शंभरातलं एखादं पॅकेट गळलं तरी अपलोडचा आकडा जमिनीवर येतो तो यामुळे. तुमच्या गाण्याच्या वर्गाची गोष्ट आणखी वेगळी. समोरासमोरच्या एका व्हिडिओ वर्गाला सव्वा ते चार एमबीपीएस अपलोड पुरतो, म्हणजे तुमच्याकडे होता तेवढाही बरेचदा चालला असता. पण चालू आवाजात हरवलेलं पॅकेट परत मागवायला वेळच नसतो. ते गेलं की तेवढा सूर गेला. आंदोलनाच्या मधोमध भोक पडतं ते असं.

मग वाटेचे दोन तुकडे केले. लॅपटॉप ते फायरवॉल हा आतला, फायरवॉल ते कंपनीने बसवलेला फायबरचा डबा हा बाहेरचा. आतल्या तुकड्यासाठी आयपर्फ नावाचं फुकट मिळणारं साधन वापरलं. ते इंटरनेटला हात न लावता दोन यंत्रांतलाच वेग मोजतं. दोन्ही बाजूंनी ९३० च्या वर आला. आतलं घर स्वच्छ.

आता फायरवॉलची पाळी. भाच्याने ओपीएनसेन्स बसवलं आहे. पीएफसेन्स नावाच्या जुन्या फायरवॉलमधून २०१५ साली वेगळं निघालेलं हे सॉफ्टवेअर, आणि त्याने ते नीटनेटकं बसवलं आहे, हे मनापासून सांगते. अपलोड चालू ठेवून प्रोसेसरवरचा भार पाहिला: १२ टक्के. म्हणजे यंत्र दमलेलं नाही आणि मेमरी वाढवून काही होणार नाही. घुसखोरी पकडणारी सुरिकाटासारखी सेवा चालू असती तर जुना प्रोसेसर दमू शकला असता, पण ती त्याने लावलेलीच नाही. शेपर, म्हणजे वेगाला मर्यादा घालणारी सोय, तीही नाही.

एक गोष्ट मात्र सापडली. नेटवर्क कार्डाकडे काही कामं सोपवता येतात: चेकसम, म्हणजे पॅकेट बिघडलं का ते ओळखायचा आकडा, काढणं, मोठा तुकडा पाठवताना त्याचे बारीक तुकडे करणं, आलेले बारीक तुकडे परत जोडणं. ऐकायला छान वाटतं. पण रिअलटेक कंपनीच्या काही कार्डांवर आणि आभासी यंत्रांत, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, चालवलेल्या फायरवॉलवर याच सोयी गोंधळ घालतात, आणि त्याचा फटका कित्येकदा नेमका अपलोडलाच बसतो. तुकडे जोडण्याची सोय तर राउटरवर असूच नये, कारण राउटरने पॅकेट जसं आलं तसं पुढे द्यायचं असतं. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये त्या बंद ठेवण्याच्या खुणा आधीपासूनच केलेल्या असतात. भाच्याने वेग वाढेल या आशेने त्या काढल्या होत्या. मी परत केल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आकडा नाचतच राहिला: १.४, ४.९. रोग हा नव्हता, तरी खुणा तशाच राहू द्या.

आता उरला बाहेरचा तुकडा, आणि इथे मी तुम्हाला तो प्रश्न विचारला. जुना डबा थेट लावता तेव्हा केबल कुठली लावता? तुम्ही टीव्हीखालचा खण उघडून डब्यासोबत आलेली पिवळी आखूड केबल दाखवलीत. आणि फायरवॉल लावता तेव्हा? ती करडी लांब, भिंतीवरून गेलेली, भाच्याने स्वतः टोकं दाबून केलेली. म्हणजे दर वेळी फायरवॉल आणि केबल, दोन्ही एकदम बदलत होतं, आणि दोष फायरवॉलच्या नावावर चढत होता.

म्हणून फायरवॉल बाजूला ठेवला आणि तीच करडी केबल सरळ माझ्या लॅपटॉपला लावली. अपलोड १.७. फायरवॉल सुटला. तुमच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान आलं, ते भाच्यापर्यंत पोचवा. सहा महिने तो पोरगा उगीच मान खाली घालून होता.

तरी केबलचं कुठलं टोक, ते बघायचंच होतं. लॅपटॉपवर पिंग, म्हणजे पलीकडे छोटी हाक देऊन उत्तर येतं का ते बघणारं साधन, अखंड चालू ठेवलं आणि फायबरच्या डब्याकडचा प्लग दोन बोटांनी हलकेच वर उचलला. उत्तरं धडाधड गळायला लागली. खाली दाबला, परत येऊ लागली. प्लग काढून खिडकीच्या उजेडात धरला. पारदर्शक प्लॅस्टिकमधून आठ तारा दिसतात. सात तारा टोकाच्या भिंतीला टेकलेल्या होत्या, आणि नारिंगी तार तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली होती. पिनेचं पातं तिला जेमतेम शिवत होतं. बाहेरचं करडं आवरणही प्लगच्या आत धरलेलं नव्हतं, म्हणजे केबलचं सगळं वजन त्या बारीक तारांवर. त्यात ती डब्यापासून थेट खिडकीच्या कडेने वर गेलेली, त्यामुळे खिडकी उघडली-मिटली की ताण बसायचा. सकाळी वर्गाच्या वेळी तुम्ही खिडकी उघडता, असं तुम्हीच म्हणालात.

आता भाच्याच्या मनात जो प्रश्न आहे, तो फोनवर त्याने मला विचारलाच: तार खराब असती तर फायरवॉलवर चुका दिसायला हव्या होत्या, तिथे तर शून्य होतं. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की चुका मोजतो तो घेणारा. फायरवॉलने पॅकेट पाठवलं, वाटेत बिघडलं, ते बिघडलेलं पॅकेट पाहिलं फायबरच्या डब्याने, आणि त्याने ते मुकाट टाकून दिलं. तो हिशेब त्या डब्यात राहतो, आणि तिथे आपल्याला डोकावता येत नाही. फायरवॉलच्या पानावरचं शून्य फक्त येणाऱ्या वाटेबद्दल बोलतं. ते पाहून पाठवायची वाट निर्दोष ठरवता येत नाही.

आणि एकच दिशा का बिघडली? १०० एमबीपीएसच्या जोडणीत आठांपैकी चारच तारा कामाच्या असतात. पिना १ आणि २ ची एक जोडी, ३ आणि ६ ची दुसरी. एका जोडीवरून जायचं, दुसरीवरून यायचं. नेहमीच्या रंगक्रमात १ आणि २ वर पांढरी-नारिंगी आणि नारिंगी येतात. तुमच्या फायबरच्या डब्याचा पोर्ट १०० चाच आहे, म्हणून ती एक तार ढिली झाल्यावर जाणंच बिघडलं. हजारच्या, म्हणजे गिगाबिटच्या जोडणीत चारही जोड्या दोन्ही दिशांना एकदम चालतात. तिथे अशी एकतर्फी तक्रार सहसा होत नाही. तिथे जोडणी घसरून १०० वर येते, नाहीतर दोन्ही बाजू बिघडतात.

डाउनलोड करतानाही आपल्याकडून पोचपावत्या त्याच खराब जोडीवरून जात होत्या. मग डाउनलोड ९३ कसा टिकला? पोचपावती अगदी छोटी असते, त्यामुळे तिच्या वाट्याला बिघाड कमी येतो. आणि एखादी हरवली तरी पुढची पावती मागच्या सगळ्याचा हिशेब देते, ‘इथपर्यंत मिळालं’ म्हणून. भरलेलं पॅकेट हरवलं तर त्याला असा वाली नाही.

दोन्ही टोकं कापून नवे प्लग लावले. जोडीचे पीळ गरजेपुरतेच उलगडले, आवरण प्लगच्या दातांखाली धरलं, केबल खिडकीपासून वेगळी करून दाराच्या चौकटीवरून नेली. भाच्याला आयता प्लग लावलेली केबल हवी असेल तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल, तांब्याचीच मागावी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा स्वस्त पडतात, पण लवकर तुटतात. नव्या टोकांनंतर, फायरवॉल लावूनच, तीन वेळा मोजलं: ९२.८, ९३.१, ९२.९.

केबल बदलूनही फरक पडला नसता तर मग मी कंपनीच्या फायबरकडे गेले असते. त्या एकाच काचतंतूत डाउनलोड १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतो आणि अपलोड १३१० वर जातो, म्हणजे तिथेही एक बाजू धड आणि दुसरी अधू असू शकते. डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. घरोघरी असतो त्या जीपॉन पद्धतीच्या फायबर डब्यात ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत हवी. तुमच्याकडे उणे २१ होती, ठीक आहे. म्हणजे कंपनीचा माणूस खरंच बोलला होता.

तंबोऱ्याचं काय? बाई, त्याचा अपलोडशी संबंध नाही. व्हिडिओ कॉलची ॲप्स सतत चालू असलेला आवाज पंख्याची घरघर समजून पुसून टाकतात, आणि तंबोऱ्याचा नाद त्यांना तसाच वाटतो. झूममध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ अशी सोय आहे. ती मी तुमच्या टॅबवर चालू करून दिली आहे. वर्ग सुरू झाल्यावर ती चालू आहे ना, तेवढं बघून घ्यायचं. मंगळवारी तुमचा फोन आला की न्यू जर्सीच्या मुलीला पहिल्यांदा तंबोरा ऐकू आला आणि ती गायचं सोडून ऐकतच बसली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

प्रश्न: माझं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे. चार महिन्यांपूर्वी प्लॅन १० वरून ५० एमबीपीएसचा करून घेतला. डाउनलोड ४८ येतो, अपलोड मात्र कायम ९.६. दिवसा मोजा, रात्री मोजा, ९.६. ४ जीबीची फाइल पार्टीला पाठवायला पंचावन्न मिनिटं लागतात. फायरवॉल दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने बसवला होता. आता तो पुण्याला असतो.
एक फोटोग्राफर, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: दादा, तुमचा आकडा नाचत नाही, आणि तो तुमच्या जुन्या प्लॅनच्या अगदी काठावर थांबतो. यात तारेचा दोष नाही. १० ची वेस कुणीतरी घातली आहे. कंपनीने अपलोड वाढवलाच नसेल असंही होतं, म्हणून आधी लॅपटॉप थेट त्यांच्या डब्याला लावून मोजा, आणि हो, केबल तीच ठेवून. तिथे ४५ च्या वर आला तर फायरवॉलच्या पानात शेपर शोधा. पाइप नावाच्या खाली १० लिहिलेलं सापडेल.

ते सापडलं की रागाने सगळं पुसू नका. त्या मुलाने ते विचार करून लावलं होतं, आणि त्याचं कारण कळलं तर तुम्ही ते ठेवाल. मोठी फाइल वर जायला लागली की पॅकेटं कंपनीच्या डब्यात रांग लावतात. समजा त्या डब्यात १ एमबीची रांग मावते आणि बाहेरचा वेग १० एमबीपीएस आहे. म्हणजे रांगेत शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला ०.८ सेकंद नुसतं उभं राहावं लागतं. तुमच्या बायकोचा व्हिडिओ कॉल, मुलीचा ऑनलाइन क्लास, यूपीआयचं पेमेंट, सगळ्यांची पॅकेटं त्याच रांगेत, तुमच्या लग्नाच्या वरातीमागे. वेगाचा आकडा चांगला दिसतो आणि घरातले मात्र म्हणतात नेट अडकलं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी ते चव्हाट्यावर आणलं, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि वर ज्यांचं नाव आलं ते व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची युक्ती दिली. तिच्यात पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघतात. किमान थांबा पाच मिलिसेकंदांच्या वर गेला आणि शंभर मिलिसेकंदं तसाच राहिला, तर मागच्यांना हळू व्हायचा इशारा म्हणून एखादं पॅकेट गाळतात. तिचीच पुढची आवृत्ती, जी प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देते, ती एफक्यू-कोडेल. तुमचा फायरवॉलही ओपीएनसेन्सचा असेल तर त्यात ती आहे.

मात्र ती चालायची तर रांग फायरवॉलमध्ये लागली पाहिजे, कंपनीच्या डब्यात नव्हे. त्यासाठी पाइपचा आकडा खऱ्या अपलोडपेक्षा थोडा कमी ठेवतात. थेट मोजलेला ४८ आला तर ४३ लिहा. तुमची ४ जीबीची फाइल तेरा मिनिटांत जाईल. ती जात असताना दुसऱ्या खिडकीत पिंग चालू ठेवा. शेपर नसताना आकडा ८ मिलिसेकंदांवरून कुठे जातो आणि शेपर असताना कुठे राहतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि फायरवॉलच्या डब्यावर एक कागद चिकटवा: ‘शेपर ४३, प्लॅन बदलला की बदलणे’. खाली तारीख. तुम्ही सेवा घेतलीत, पैसे भरलेत, आणि चार महिने विसरलेला १० चा आकडा ते अडवून बसला, याचं मला खरंच वाईट वाटतं. दर वेळी प्लॅन बदलताना कंपनीने हे विचारायला हवं. विचारत कुणी नाही.

प्रश्न: शेजारचे म्हणतात फायरवॉल बंदच ठेवा, अपलोड आपोआप वाढेल. खरं का?
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: काका, नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची नुसती नोंद ठेवून नियम लावायला फायरवॉलला इतकं थोडं काम पडतं की १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर दहा वर्षं जुना संगणकही ते करतो. जड पडते ती पॅकेट उघडून आत तपासणारी सेवा. ती बंद करून एकदा मोजा, फरक पडला तर तेवढीच बंद ठेवा. बाहेरून येणाऱ्यांना अडवणारे नियम मात्र पाच मिनिटांसाठीही काढू नका. उघड्या पत्त्यांवर टकटक करणारी यंत्रं चोवीस तास फिरत असतात आणि घरातला कॅमेरा त्यांना मिनिटांत सापडतो.

प्रश्न: माझं कर सल्ल्याचं ऑफिस घरातच आहे. नवा फायरवॉल लावताना कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकलं, म्हणजे तो आता नुसता पूल, आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीशी जोडणी करायच्या पद्धतीचं, युजरनेम-पासवर्ड फायरवॉलमध्ये भरलं. तेव्हापासून छोट्या मेल जातात, पण बॅलन्सशीटची पीडीएफ जोडली की मेल ‘सेंडिंग’वरच राहते. काही सरकारी साइटवर फाइल चढवताना चक्र फिरत राहतं. वेग मोजला तर उत्तम येतो.
एक कर सल्लागार, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर: साहेब, छोटं जातं आणि मोठं अडकतं, हे लक्षण फार बोलकं आहे. इथे वेगाचा प्रश्नच नाही, पाकिटाच्या मापाचा आहे. साध्या इथरनेटवर एका पॅकेटचं माप १५०० बाइट. पीपीपीओई त्यावर आपलं ८ बाइटांचं वेष्टण चढवतं, म्हणून आत उरतात १४९२. तुमचा संगणक १५०० चं पाकीट भरून पाठवतो, ते दारातून जात नाही. अशा वेळी राउटरने ‘मोठं झालं, लहान करा’ असा निरोप परत द्यायचा असतो. तो निरोप आयसीएमपीने, म्हणजे यंत्रांच्या आपसांतल्या निरोपांच्या पद्धतीने, येतो, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी अडवलेलं असलं की निरोपच पोचत नाही. तुमचा संगणक तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि चक्र फिरत राहतं. वेग मोजणाऱ्या साइटचा सर्व्हर कदाचित जोडणी करतानाच लहान पाकिटं मागत असेल, म्हणून तिथे हे दिसलं नसेल.

खात्री करून घ्या. विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, रोमन अक्षरांत पिंग लिहा, मग एक जागा सोडून वजा एफ, पुन्हा जागा सोडून वजा एल, मग १४७२, आणि शेवटी कुठल्याही मोठ्या साइटचा पत्ता. वजा एफ म्हणजे तुकडे करू नको, वजा एल म्हणजे एवढं भरून पाठव. यात २८ बाइट हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याचे, मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं नाही, तर १४७२ च्या जागी १४६४ घालून बघा. १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. १४७२ अडकतं आणि १४६४ जातं, असं झालं की निदान पक्कं.

उपाय दोन जागी करायचा. फायरवॉलच्या बाहेरच्या जोडणीवर, जिथे पीपीपीओई भरलंय, तिथे एमटीयू, म्हणजे पाकिटाचं कमाल माप, १४९२ आणि एमएसएस, म्हणजे हेडरचे ४० वजा जाता आतला मजकूर, १४५२ असायला हवा. काही ठिकाणी एमएसएसच्या चौकटीत १४९२ च लिहायचं असतं आणि सॉफ्टवेअर ४० स्वतः वजा करतं. चौकटीखालची बारीक ओळ वाचून घ्या, नाहीतर ४० दोनदा वजा होतात. आणि नियमांत आयसीएमपी सरसकट अडवणारी ओळ असेल तर ती काढून ‘पाकीट मोठं आहे’ एवढा निरोप तरी आत येऊ द्या. हे झाल्यावर फायरवॉलची जोडणी एकदा तोडून परत जोडा, मग आउटबॉक्समधली तीच अडकलेली बॅलन्सशीट पाठवून बघा.